पान उलटणारी

तिला सगळे धाकटी म्हणत. साठी उलटली, केस पांढरे झाले, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटी ती धाकटीच. कारण वर थोरली होती. थोरली बसलेली असताना धाकटीला मोठं व्हायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला तशी हौसही नव्हती.

थोरली चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. पायाने भाता मारायचा, जुना, लाकडी, थंडीत म्हाताऱ्या माणसासारखा घरघरणारा ऑर्गन. मंडळीतल्या अर्ध्याअधिक लोकांची लग्नं तिने वाजवून लावली होती आणि बहुतेकांच्या आईबापांना वाजवून पोहोचवलं होतं. तिच्या डाव्या हाताला, एका बिनपाठीच्या स्टुलावर, धाकटी बसायची. तिचं काम एकच, पान उलटायचं.

आता यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. धाकटीलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण वाजवणारीचे दोन्ही हात गुंतलेले, दोन्ही पाय भात्यावर. पान संपायच्या एक ओळ आधी उठायचं, डावा हात तिच्या नजरेच्या आड येऊ न देता वरून न्यायचा, पानाचा कोपरा चिमटीत धरायचा आणि थांबायचं. लवकर उलटलं तर शेवटच्या सुरांची वाट लागते. उशीर झाला तर मंडळी पुढे आणि ऑर्गन मागे. थोरली मानेने खूण करायची, पण धाकटीला त्या खुणेची गरज उरली नव्हती. मान हलायच्या आधी थोरली एक श्वास आत ओढायची. धाकटी त्या श्वासावर उठायची.

चुकलं की थोरली ओठ न हलवता बोलायची. "झोपलीस का?" सूर चालू, मंडळी तल्लीन, आणि मधेच हे. धाकटी तिथे मूग गिळून बसायची आणि घरी गेल्यावर थोरलीच्या चहात साखर कमी टाकून उट्टं काढायची. थोरलीला ते कळायचं. तीही काही न बोलता तो चहा संपवायची.

दोघी एका वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या. लग्नाचं म्हणाल, तर थोरलीचं जमलं नाही आणि धाकटीचं कुणी काढलं नाही. थोरली शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाली होती. धाकटी अजून एका शिंप्याच्या दुकानात काजं करायला जायची. कोट, जाकिटं, शर्ट, सगळ्यांची काजं हाताने. बोटात अंगुस्तान, तोंडात दोऱ्याचं टोक, दिवसभर मान खाली. तिथेही बोलायची गरज पडत नसे. घरी थोरली बोलायची, दुकानात मास्तर बोलायचे, चर्चमध्ये पाळकसाहेब बोलायचे. धाकटीच्या वाटेला आयुष्यात ऐकणंच आलं होतं, आणि तेही तिने अर्धंमुर्धंच केलं होतं.

म्हणजे असं, की उपासनेत पाळकसाहेबांची मोठी प्रार्थना सुरू झाली की सगळी मंडळी डोळे मिटायची आणि या दोघींची खरी धांदल उडायची. पुढचं गीत काढायचं, ऑर्गनच्या खुंट्या ओढायच्या, चष्मे पुसायचे, पुस्तकाचं बंड करणारं पान कोपरानं दाबून ठेवायचं. आमेन झालं रे झालं की सूर द्यायचा असे, म्हणून थोरलीचे कान त्या एका शब्दाकडे आणि धाकटीचे डोळे थोरलीकडे. मधे पाळकसाहेब देवाशी काय बोलत आहेत, याचा दोघींना पत्ता नसे. आज लांबवलं, आज लवकर आटपलं, एवढाच त्यांच्या लेखी प्रार्थनेचा हिशोब.

थंडीच्या तोंडावर थोरलीची छाती भरली. हॉस्पिटलात नेलं, नळ्या लावल्या, डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. धाकटी खाटेजवळ बसून राहायची. थोरलीची बोटं पांघरुणावर हलत असायची.

"काय वाजवतेस गं ताई?"

"गप. मोजू दे."

एका दुपारी खिडकीतून ऊन आत आलं होतं. समोरच्या खाटेवरची बाई वाटीतलं काहीतरी चमच्याने खरवडत होती. थोरलीने श्वास आत ओढला आणि धाकटी खुर्चीवरून उठली. नुसती सवयीने. हातही वर गेला. ती तशीच उभी राहिली आणि तो श्वास काही परत बाहेर आला नाही.

जिने सगळ्या गावाला वाजवून पोहोचवलं, तिला पोहोचवायला वाजवणारं कुणी नव्हतं. मंडळीने नुसत्या तोंडाने गीत म्हटलं. पट्टी इतकी वर लागली की दुसऱ्या कडव्याला बायकांचे गळे चिरकले. ताई असती तर फाडून खाल्लं असतं सगळ्यांना, असं धाकटीच्या मनात आलं, आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेना.

त्यानंतर दोन खोल्यांत ती आणि शांतता. शांतता म्हणजे नुसतं आवाज नसणं नव्हे, हे तिला तेव्हा कळलं. थोरलीला बसल्या जागी पायाने ताल धरायची खोड होती. टेबलाखाली सतत टक टक. खालच्या मजल्यावर एक पेन्शनर राहायचे, ते वैतागून छताला काठी मारायचे. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. एक दिवस ते जिना चढून वर आले, हातात तीच काठी.

"हल्ली पाय वाजत नाहीत," ते दारातूनच म्हणाले.

"वाजवणारी गेली ना."

"ते माहीत आहे हो. मी आलो होतो की शेवटचं." ते काठीच्या मुठीकडे बघत राहिले. "पण दुपारी झोप लागत नाही."

 ते काठी टेकत जिना उतरून गेले. मग तिने स्वतः टेबलाशी बसून पाय वाजवून पाहिला. ताल काही जमेना. चार ठोक्यांनंतर तिला स्वतःचीच लाज वाटली आणि ती उठून भांडी विसळायला लागली, जी आधीच स्वच्छ होती.

दुकानातही हाताला भलतंच सुचायला लागलं. एका पुरुषाच्या कोटाला तिने सगळी काजं उजव्या बाजूला केली, बायकांच्या कोटाला असतात तशी. नवीन पोरगीही करणार नाही अशी चूक. मास्तर एरवी एका सुट्या दोऱ्यासाठी घर डोक्यावर घेणारे, त्यांनी कोट उचलला, पाहिला, आणि घडी करून बाजूला ठेवला. "होतं असं बाई," म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणारं माणूसच तर तिच्या घरातून गेलं होतं.

थोरली गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती चर्चमध्ये गेली तेव्हा दारातच अडली. कुठे बसायचं? इतकी वर्षं ती इथे येत होती, पण बाकावर कधी बसलीच नव्हती. प्रत्येक बाकाला आपापलं घर ठरलेलं. शेवटी दाराजवळच्या खांबाआड, बेकरीवाल्या बाईने अंग चोरून जागा करून दिली. बेकरीवाली आडव्या बांध्याची, मनाची मोकळी, आणि तिच्या कपड्यांना कायम ताज्या पावाचा वास. अंग चोरूनही तिने फारशी जागा दिली नाही, पण दिली.

पुढे ऑर्गनवर पांढरी चादर टाकलेली होती. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं, कुणीतरी सुरुवात केली, मंडळी बसल्या जागी हळू आवाजात म्हणू लागली. धाकटी पुस्तकाकडे बघत नव्हती. गीत तिला पानांनी पाठ होतं, शब्दांनी नव्हे. तिसऱ्या कडव्याच्या आधी, जिथे पान संपतं, तिथे ती उठली. सरळ ताठ उभी राहिली आणि तिचा डावा हात हवेत वर गेला, चिमूट धरून.

आता त्या मंडळीत एक रीत होती. गीत चालू असताना कुणी मधेच उभं राहिलं की समजायचं, याला आतून काहीतरी आलं आहे, देवाने याच्यासाठी काय केलं ते याला सगळ्यांना सांगायचं आहे. मग गाणं थांबवायचं आणि त्या माणसाला बोलू द्यायचं. असं वर्षाकाठी एखाद्या वेळीच व्हायचं. म्हणून धाकटी उठली तशी आजूबाजूची माणसं गप्प झाली, मग पुढचे बाक, मग सगळं चर्च. माना वळल्या. पाळकसाहेब मंचावरून पुढे आले, त्यांचे डोळे भरले होते.

"बोला," ते हळूच म्हणाले. "बोला धाकट्या बाई, आम्ही ऐकतो आहोत."

धाकटीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो अजून हवेतच होता.

"काही नाही," ती म्हणाली. "पान संपलं होतं."

कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर तिला सहन झालं असतं. तिने पिशवी उचलली, बेकरीवालीच्या गुडघ्यांवरून धडपडत वाट काढली आणि प्रार्थना सुरू व्हायच्या आत ती रस्त्यावर होती. घरी येईपर्यंत तिचे कान जळत होते.

पण लाज ही वरवरची गोष्ट होती. तिच्या खाली जे निघालं ते वाईट होतं. त्या संध्याकाळी तिने खाटेवर बसून प्रार्थना करायची ठरवली. एवढं दुःख झालं आहे, माणसं अशा वेळी प्रार्थना करतात, त्यांना बरं वाटतं म्हणतात. तिने डोळे मिटले, हात जोडले, आणि काही म्हणजे काही आलं नाही. देवा, म्हणून झालं आणि गाडी अडली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती देवाशी आजवर कधी बोललेलीच नाही. सगळं आयुष्य त्याच्या घरात गेलं, आणि घरमालकाची ओळख नाही. बोलायचं सगळं थोरलीकडे होतं आणि थोरली सुरांतून काय ते बोलत असेल. धाकटी नुसती पानं उलटत होती. थोरली गेली तसा तिचा देवाशी असलेला उसना धागाही गेला.

दुसऱ्या दिवशी ती पाळकसाहेबांच्या घरी गेली. ते पुस्तकांच्या ढिगाऱ्यात एकटेच बसले होते, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत.

"मी यापुढे येणार नाही, हे सांगायला आले," ती म्हणाली. "कालचं म्हणून नव्हे."

"मग?"

"मला प्रार्थना येत नाही. इतकी वर्षं तुम्ही प्रार्थना करायचात आणि मी पानं शोधायचे. आता ताई नाही, पानं नाहीत. मग मी तिथे येऊन करू काय? आणि एवढ्या उशिरा देवाकडे कुठल्या तोंडाने जाऊ?"

पाळकसाहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "तुमच्या पानांची सळसळ मला ऐकू यायची बरं का. कधीकधी फार राग यायचा."

"मग सांगायचं ना."

"तुमच्या ताईला? माझी काय बिशाद!"

धाकटीला हसू येता येता राहिलं.

"काय म्हणायचं आहे देवाला?" त्यांनी विचारलं.

"तेच सुचत नाही."

"मग काही म्हणू नका. नुसत्या येऊन बसा."

"बसायला मला घर आहे," धाकटी ताडकन म्हणाली. इतकं तिखट ती जन्मात बोलली नव्हती. पाळकसाहेबांनी वाईट वाटून घेतलं नाही. ते उठले, खणात हात घालून एक किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. ऑर्गन बंद राहिला तर भात्याचं कातडं सुकून फुटतं, उंदीर शिरतात, ते म्हणाले. आठवड्यातून एकदा कुणीतरी येऊन भाता मारायला हवा. रविवारी नका येऊ हवं तर. एवढं तरी कराल?

काम म्हटल्यावर तिला नाही म्हणता येईना.

मग ती मधल्या वारी, दुकानाच्या सुट्टीत जायला लागली. रिकामं चर्च, मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास, रंगीत काचांमधून फरशीवर पडलेला उजेड. ती चादर काढायची आणि थोरलीच्या जागेवर बसून पाय मारायची. पट्टी एकही दाबत नसे, वाजवता कुठे येत होतं! नुसती हवा आत जायची आणि बाहेर यायची. श्वास घेतल्यासारखा आवाज व्हायचा. पहिल्या वेळी तो ऐकून तिने पाय झटकन मागे घेतले. दुसऱ्या वेळी ती बोलायला लागली.

"मला न विचारता नेलंस," ती मोठ्याने म्हणाली, भाता मारता मारता. थोरलीला नव्हे, वर. "एवढी घाई कसली होती? मी मागे राहिले ते दिसलं नाही? माझ्यासाठी काय ठेवलंस, काजं? दोन खोल्या? ती मला रागवायची, बरं वाटायचं मला ते. आता कोण रागवणार?" ती बोलत गेली, रडत गेली, नाक पदराने पुसत गेली. कुणाला एवढं उभंआडवं घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. मग दम लागला, पाय थांबले, आणि भात्यातली उरलेली हवा हळूहळू निघून गेली.

उत्तर वगैरे काही आलं नाही. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. चादर टाकून, कुलूप लावून ती घरी आली, आणि रात्रीसारखीच दुपारही तिला खायला उठली.

असं काही आठवडे चाललं. ती जायची, भांडायची, परत यायची. भांडणंही संपत आली. शेवटी तिला वाटलं, आपण रिकाम्या घराचं दार वाजवतो आहोत. किल्ली देऊन टाकावी आणि हा विषय मिटवावा. पाळकसाहेब त्या आठवड्यात बाहेरगावी होते, रविवारी उपासनेलाच भेटणार होते. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली, एक शेवटचा रविवार. उपासना झाली की किल्ली हातात द्यायची आणि सुटायचं.

ती खांबाआड बसली. बेकरीवालीने सरकून जागा दिली, या वेळी जरा जास्त. गीत सुरू झालं तशी धाकटीने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली, उठायला होऊ नये म्हणून. नाही उठली. मग पाळकसाहेबांनी हात जोडले आणि मोठी प्रार्थना सुरू झाली.

तिची बोटं आपोआप पुस्तकाकडे गेली, पुढचं गीत काढायला. पान सापडलंही. मग तिच्या ध्यानात आलं की हे पान कुणालाच नको आहे. तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. आता हातांना काही काम नव्हतं, डोळ्यांना बघायला कुणी नव्हतं. करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून ती ऐकू लागली.

पाळकसाहेब आजाऱ्यांची नावं घेत होते. बेकरीवालीचा मुलगा दूरदेशी होता, त्याला सांभाळ म्हणाले. कुणाची नोकरी गेली होती, त्याचा धीर सुटू देऊ नकोस म्हणाले. साध्या आवाजात, शेजारच्या माणसाशी बोलावं तसे. 

"आणि प्रभू, आमच्या धाकटीला सांभाळ," ते म्हणाले. "आम्ही डोळे मिटून तुझ्याशी बोलत असतो तेव्हा तिचे हात आमच्यासाठी कामात असतात. तिला तुझ्याशी बोलायला सवड मिळत नाही. म्हणून तिच्या वाटची प्रार्थना आम्ही करतो. तू ती तिचीच म्हणून ऐक."

धाकटीने डोळे उघडले. आजूबाजूला सगळे डोळे मिटून बसले होते, कुणाला काही विशेष वाटलेलं दिसत नव्हतं. तिने बेकरीवालीचा दंड धरला.

"हे काय?" ती कुजबुजली. "हे आज का म्हणाले? मी त्यांना जाऊन बोलले म्हणून?"

बेकरीवालीने एक डोळा उघडला. "आज कसलं? दर रविवारी म्हणतात. ते इथे आले तेव्हापासून. आधी तुम्हा दोघींसाठी म्हणायचे, आता तुझ्या एकटीसाठी. मधे तू येत नव्हतीस तेव्हाही म्हणत होते. आम्हाला पाठ आहे बाई. धाकटीचं आलं की समजायचं, आमेन जवळ आलं." मग तिने धाकटीचं तोंड पाहिलं आणि दुसराही डोळा उघडला. "तुला माहीत नव्हतं होय?"

 धाकटीने पुढच्या बाकांकडे पाहिलं. मास्तरांची ताठ पाठ, खालच्या पेन्शनरांचं टक्कल, शाळेतल्या बाया, पोरं. ही सगळी माणसं दर आठवड्याला तिच्या वाटचं बोलत होती आणि ती दहा पावलांवर बसून पुस्तक चाळत होती. आपण देवाला अनोळखी आहोत असं ती धरून चालली होती, आणि तिचं नाव त्याच्या कानावर इतकी वर्षं न चुकता जात होतं.  हॉस्पिटलापासून छातीवर जे ओझं बसलं होतं ते हललं, सरकलं, आणि तिला पुरता श्वास घेता आला. घरी त्याच दोन खोल्या होत्या, जेवायला ती एकटीच बसणार होती, हे तिला ठाऊक होतं. तरीही तिला शांत वाटलं. असं शांत तिला थोरली असतानाही वाटलेलं नव्हतं.

आमेन झालं. सगळ्यांचं म्हणून संपलं, मंडळी पुढच्या गीताचं पान काढू लागली, बाक करकरले, आणि मग खांबाआडून एक आमेन आलं. उशिरा, एकटंच, जरा मोठ्याने. पाळकसाहेबांनी गीताचं पुस्तक उघडता उघडता हात थांबवला आणि ते संपेपर्यंत वाट पाहिली.

मग गाणं सुरू झालं. धाकटी उठली नाही. किल्ली द्यायचं तिच्या डोक्यातून पार गेलं होतं, आणि पुढेही ती कधी दिली गेली नाही. तिने डोळे घट्ट मिटले, आणि त्या सगळ्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ती आपली आपण बोलली.

"देवा, ताईनेही हे कधी ऐकलं नसेल. तिचं सगळं लक्ष आमेनकडे असायचं. तेवढं तिला सांग."